ठशाचा कागद

हाताने कोरलेल्या ठशांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले, शिकविले व बोलले जाते ते जवळजवळ सर्वच्या सर्व कोरणीच्या बाजूने असते. पाते कोणते घ्यावे, रबर किती जाड असावे, कोणती रेषा राखावी आणि कोणती खरवडून टाकावी, यांवर मोठ्या उत्साहाने खल होतो. आणि ज्याच्या अंगावर तो ठसा अखेरीस उमटावयाचा त्या कागदाचा उल्लेख आलाच, तर सामानाच्या यादीच्या तळाशी, ‘कोणताही जाड कागद’ अशा बेपर्वा शब्दांत येतो. मिश्र माध्यमातील चित्रे, हस्तबद्ध वह्या, भेटपत्रे, लिफाफे, लग्नपत्रिका अशा नाना प्रांतांत हस्तनिर्मित ठशांचा जो वापर अलीकडे दिसतो त्याचा आढावा घेताना हा क्रम उलटा करावा, कागदापासून आरंभ करावा आणि मग हळूहळू ठशाकडे यावे, अशी माझी धारणा आहे. आणि छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला तसे म्हणण्याचा थोडा अधिकारही पोचतो, कारण या शहराच्या उशाशीच कागजीपुरा आहे.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली तेव्हा त्या अफाट लवाजम्याबरोबर जे कसबी लोक दक्षिणेत उतरले त्यांत कागद करणारेही होते, अशी येथील परंपरा आहे. राजधानी परत गेली, कागजी मात्र येथेच राहिले, कारण दरबार कोणाचाही असो, दप्तराला कागद लागतोच. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा सत्ता एकामागून एक येत गेल्या, कारकुनांच्या पगड्या बदलल्या, लिपी कधी फारसी, कधी मोडी, कधी उर्दू झाली, आणि मराठी दप्तरांपर्यंत ‘दौलताबादी कागद’ हे नाव जाऊन पोचले.

जुन्या पद्धतीत चिंध्या, ताग, झिजलेले दोरखंड असा तंतुमय टाकाऊ माल चुन्याच्या पाण्यात मुरवीत व ढेकीखाली कुटीत. तो लगदा हौदात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या छापरीवर अलगद उचलीत, ओले ताव एकावर एक रचून त्यांतील पाणी दाबून काढीत, आणि मग एकेक ताव गिलाव्याच्या भिंतीला चिकटवून वाळवीत. येथवर आले म्हणजे कागद झाला, असे आजच्या ग्राहकास वाटेल. पण जुन्या कागज्याच्या हिशेबी तो अद्याप कच्चाच होता. त्यावर खळ चढवावयाची, ती सुकली की गुळगुळीत दगडाने सबंध ताव घोटावयाचा, असे खळ आणि घोटणी हे दोन संस्कार झाल्यावाचून तो कारकुनाच्या गादीपर्यंत जात नसे. घोटलेल्या तावावर काजळाची शाई आत न मुरता पृष्ठभागावर बसे, बोरूचे टोक तंतूंत अडकत नसे, आणि शिक्का उमटविला तर त्याची कड फुटत नसे. ठशांच्या संदर्भात माझ्या मते हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच आज विस्मृतीत गेले आहे.

आपल्याकडील शिक्क्यांचा इतिहास इतिहासकारांनी सत्तेच्या अंगाने पुष्कळ लिहिला आहे. रचनेच्या अंगाने तो क्वचितच पाहिला गेला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील अष्टकोनी राजमुद्रा माथ्याकडे उमटते, मजकूर संपल्यावर अखेरीस मर्यादेची लहान मुद्रा येते, आणि ‘मोर्तब सूद’ हा शेरा पडला की कागदाला पूर्णत्व येते. चित्रकाराच्या नजरेने पाहिले तर हे सबंध पत्र ही एक संयोजित आकृती आहे: वर एक जड काळा अष्टकोन, मध्ये मोडीच्या वाहत्या ओळींचा करडा पट्टा, खाली एक लहान काळा ठिपका, आणि सभोवार सोडलेली पुष्कळ कोरी जागा. दोन ठशांनी रेषेच्या प्रवाहाला आरंभ आणि अंत देण्याची ही युक्ती आजच्या भेटपत्रकारांनी जशीच्या तशी उचलावी इतकी निर्दोष आहे.

परंतु त्याहूनही शिकण्यासारखी गोष्ट या कागदांच्या पाठीवर असते. सनदा, महजर, निवाडपत्रे यांचा मजकूर एका तावात मावत नसे. मग कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून हातभर, कधी कित्येक हात लांबीची गुंडाळी करीत, आणि जेथे दोन बंद जोडले जात त्या सांध्यावर मागील बाजूने शिक्का उमटवीत, असा की त्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर पडावा आणि अर्धा खालच्या. हेतू निव्वळ बंदोबस्ताचा होता. मधला बंद काढून कोणी लबाडाने दुसरा घातला तर दोन अर्धे एकमेकांशी जुळणार नाहीत, एवढेच त्या मुत्सद्द्यांना साधावयाचे होते. पण चिकटकाम करणाऱ्या आजच्या चित्रकारापुढे जी जुनी अडचण आहे, म्हणजे वर्तमानपत्राचा तुकडा, जुन्या पोथीचे पान, कापडाची पट्टी हे सारे एका फळीवर डकविले तरी ते एकमेकांचे होत नाहीत, नुसते शेजारी बसतात, त्या अडचणीवर याहून सरळ उपाय मला ठाऊक नाही. ठसा तुकड्याच्या मध्यभागी न मारता सांध्यावर मारावा. अर्धा वर्तमानपत्रावर पडलेला, शाई शोषून किंचित फिका झालेला, आणि अर्धा घोटीव कागदावर पडलेला, काळाभोर राहिलेला असा एकच ठसा दोन परक्या पृष्ठभागांना ज्या रीतीने बांधतो, तसे रंगाचा फराटा किंवा दोऱ्याचा टाका क्वचितच बांधू शकतो. कारण दोन्ही अर्ध्यांचा आकार एक आहे हे डोळ्याला तत्काळ कळते आणि पोताचा फरकही त्याच क्षणी जाणवतो.

महजरांच्या तळाशी आणखी एक मौज पाहावयास मिळते. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा पाटील-बलुतेदारांनी आपापल्या निशाण्या काढलेल्या असतात: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, चांभाराची आरी. हे ठसे नव्हेत, हाताने रेखलेल्या खुणा आहेत; पण प्रत्येक चित्रकाराने आपल्या कामाच्या कोपऱ्यात उमटविण्यासाठी एक लहानसा स्वतःचा ठसा कोरावा अशी जी प्रथा चीन-जपानातून आपल्या हौशी मंडळींपर्यंत आली आहे, तिला विषय शोधताना ड्रॅगन आणि चेरीच्या फुलांकडे धावण्यापूर्वी या नांगर-मोगरीकडे एकदा पाहावयास हरकत नाही.

या प्रदेशातील ठशांची परंपरा अर्थातच दप्तराहून फार जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा काळातील, लिपिचिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. प्राचीन भारतातील आहत नाणी, म्हणजे चांदीच्या पत्र्याच्या तुकड्यावर सूर्य, वृक्ष, पर्वत, प्राणी अशी चिन्हे सुट्या सुट्या ठशांनी ठोकून बनविलेली नाणी, ही तर आजच्या मिश्र माध्यमाच्या कारागिराला फारच जवळची वाटावी. कारण तेथे एकच मोठा साचा नाही, लहान लहान ठशांची जुळणी आहे, चिन्हे एकमेकांवर चढतात, कडेबाहेर जातात, आणि तरीही नाणे चालते. पैठणला, सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, नाणी साच्यातून सफाईने निघू लागली त्याच्या आधीची ही रीत होय.

घरातल्या ठशांकडे मात्र कोणी कला म्हणून पाहत नाही. वैष्णवांच्या गोपीचंदनाच्या पितळी मुद्रा, रांगोळीचे छिद्रांचे छाप, लग्नघराच्या भिंतीवरचे हळदीचे पंजे, हे सर्व ठसेच आहेत. मराठवाड्यात भाद्रपदातील गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात; त्यांच्या आगमनाच्या वेळी उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जी पावले उमटवितात ती कित्येक घरांत अजून मुठीने उमटवितात. मूठ वळून तिची करंगळीकडील बाजू ओल्या रंगात बुडवावयाची, जमिनीवर टेकवावयाची आणि मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्यावयाचे. साधन शून्य, आणि आकार इतका नेमका की लहान मुलानेही पाहताक्षणी पाऊल म्हणून ओळखावा. डावी मूठ डावे पाऊल देते, उजवी उजवे. बाजारात या पावलांचे चिकटवावयाचे छापील कागद मिळतात आणि ते स्वच्छ दिसतात. त्यांत सगळी पावले एकाच मापाची, एकाच दाबाची असतात, म्हणून ती पावले चालत आलेली वाटत नाहीत. हस्तनिर्मित ठशाच्या बाजूने जो युक्तिवाद करावयाचा तो याहून अधिक लांबविण्याची गरज नाही.

छापखान्याच्या इतिहासाचा या विषयाशी संबंध मर्यादित आहे, पण तो टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याच्या इंग्रज वकिलातीत चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने तांबट कारागीर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरावयास शिकले. नाना फडणविसांच्या निधनानंतर तो कसब मिरजेच्या पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली तेथे कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. याच वकिलातीत चित्रकाम करणारा गंगाराम तांबट वेरूळची लेणी रेखाटून गेला, हा योगायोग आमच्या शहराला सुखावणारा आहे. पुढे मुंबईस जावजी दादाजींच्या निर्णयसागरात राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे जे खिळे कोरले, त्यांतील प्रत्येक अक्षर आधी पोलादाच्या टोकावर उलटे कोरलेला एक चिमुकला ठसाच होते. उलट्या अक्षरांचा हा सराव आज लोपला आहे. हौशी माणूस खोडरबरावर ‘शुभ दीपावली’ सुलटे कोरतो आणि पहिली छाप काढल्यावर कपाळाला हात लावतो.

युरोपात ठसा चित्रकलेच्या दरबारात उशिरा आला आणि मागच्या दाराने आला. चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाने पक्के करण्याच्या रीतीचे पेटंट १८४४ साली मिळाले. त्यानंतर कचेऱ्यांतून रबरी शिक्क्यांचा सुळसुळाट झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने हेच कारकुनी शिक्के आपल्या चित्रांत तिरपे, अर्धवट, एकावर एक असे उमटवून ज्या सत्तेने ते निर्माण केले तिची थट्टा केली. सॉल स्टाइनबर्ग या चित्रकाराने पुढे तीच वाट अधिक मिस्किलपणे चोखाळली. लिनोलियमचा मार्ग वेगळा. फ्रेडरिक वॉल्टनने इंग्लंडात १८६० च्या दशकात जमिनीवर अंथरण्यासाठी जे आच्छादन काढले ते जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांचे बनलेले होते. ते कोरावयास लाकडाहून मऊ आणि रबराहून ठाम असल्याचे चित्रकारांच्या लक्षात आले, आणि त्यातून जी परंपरा निघाली तिच्यात १९३० साली नंदलाल बसूंनी दांडीयात्रेतील काठी टेकीत निघालेले गांधीजी कोरले, आणि पुढे मुंबईत राहून चित्तप्रसादांनी कष्टकऱ्यांची आणि पोरक्या मुलांची चित्रे कोरली. ज्या जवसाचे पीक मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या निघत आले त्याच जवसाच्या तेलात छपाईची जाड शाईही घोटतात, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांस सांगितली की त्यांना त्या परदेशी माध्यमाचा परकेपणा थोडा कमी वाटतो.

आता प्रत्यक्ष कोरणीकडे यावे. उदाहरणादाखल बीबी-का-मकबऱ्यातील कबरीभोवतीच्या अष्टकोनी संगमरवरी कठड्याची जाळी घेऊ. तिच्यातील एक घर उचलून त्याचा ठसा करावयाचा ठरविला, तर पाते हाती घेण्यापूर्वीच निर्णय करावा लागतो: शाई दगडाला लावावयाची की पोकळीला? दगडाला लावली तर कागदावर काळी जाळी उमटते व तिच्यातून कागद डोकावतो. पोकळीला लावली तर कागदच दगड बनतो आणि अंधाराचे तुकडे तेवढे उमटतात. मकबऱ्याचा दगड पांढरा आहे आणि हातकागदही पांढुरका, म्हणून मला दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय त्यात कोरावयाचे असते ते जाळीच्या रेघांपुरतेच, मोठमोठी मैदाने खरवडावी लागत नाहीत.

रेखाटन बटर पेपरवर मऊ शिसपेन्सिलीने करून तो कागद लिनोवर पालथा घातला व चमच्याच्या पाठीने घासला की आकृती उलटी उतरते, म्हणजे छापल्यावर ती सुलटी येते. पात्याचा कल असा धरावयाचा की उभ्या राहिलेल्या भागाचा पाया त्याच्या माथ्याहून रुंद राहावा. पाया आतून पोखरला गेला तर पहिल्या चार-सहा छापांत काही कळत नाही, मग दाबाखाली कड वाकू लागते आणि एखाद्या दिवशी तुकडाच निसटतो. वळणावर हात स्थिर ठेवून ठोकळा फिरवावा. हात फिरविणाऱ्याचे वर्तुळ नेहमी बटाट्याच्या आकाराचे निघते. जाळी एकदा नव्हे, अनेकदा शेजारी शेजारी उमटवावयाची असल्यामुळे चारही कडा एकमेकींशी जुळणे अगत्याचे असते, आणि त्यासाठी एक सोपी तोड अशी: चौरस रेखाटनाचे चार तुकडे करून त्यांची तिरपी अदलाबदल करावी, म्हणजे बाहेरच्या कडा मध्यभागी येतात व जोड तेथेच तपासता येतो. चौरस केसभर जरी तिरका असला तरी पहिल्या दोन-तीन उमटींत ते दिसत नाही; सहाव्या-सातव्या उमटीला ओळ उतरू लागते आणि मकबरा कलतो.

येथपर्यंत सर्व कोरणीचे कौशल्य झाले. हा ठसा आता आजच्या सर्वसाधारण हातकागदावर, म्हणजे खळ थोडी दिलेल्या व न घोटलेल्या तावावर मारून पाहावा. काळ्या पोकळ्यांत मिठाचे कण विखुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, कारण तावाच्या पृष्ठभागावर टेकड्या आणि दऱ्या असून शाई टेकड्यांवर तेवढी पोचली आहे. हौशी कारागीर हा दोष ठशाचा समजतो, अधिक शाई लावतो, अधिक दाब देतो. मग बारीक रेघा बुजतात आणि जाळीचे ठिगळ होते. याचा उपाय कागदात आहे. तेलाची शाई असेल तर ताव ओलसर फडक्याने दमट करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावा, म्हणजे तंतू मऊ पडतात व दाबाला मान देतात; कागदाखाली वर्तमानपत्रांची पातळ गादी घालावी; आणि शक्य असेल तर जेथे ठसा पडावयाचा तेवढाच भाग वाटोळ्या गुळगुळीत दगडाने घोटून घ्यावा. हा शेवटचा प्रयोग ज्याने केला त्याला कागजीपुऱ्याच्या जुन्या घोटणीचे प्रयोजन कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच तावावर घोटलेला पट्टा आणि न घोटलेला पट्टा शेजारी ठेवून तोच ठसा दोन्हीकडे उमटविला, तर एकीकडे जाळी उन्हात उभी असल्यासारखी स्वच्छ आणि दुसरीकडे धुक्यातून पाहिल्यासारखी निघते. चित्राच्या दृष्टीने दोन्ही उपयोगी आहेत, फक्त कोणती कोठे हवी हे कारागिराने ठरविलेले असावे, कागदाने परस्पर ठरवू नये.

शाईच्या बाबतीत आमच्या हवेचा विचार न करता छापलेले सल्ले कुचकामी ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याची हवा इतकी कोरडी होते की ॲक्रिलिक रंग ठशावर लावून ताव समोर ओढेपर्यंत त्याची कड सुकलेली असते. त्यात ग्लिसरीनचे दोन थेंब किंवा सुकणे लांबविणारे द्रव्य मिसळावे, नाहीतर सकाळी ऊन चढण्यापूर्वीच छपाई उरकावी. कचेरीच्या पॅडातील पाण्यात विरघळणारी रंगीत शाई कच्च्या कागदात पसरते आणि वर जलरंगाचा हात फिरताच वाहते. जलरंगाखाली ठसा हवा असेल तर पिगमेंटची, पाण्याला दाद न देणारी शाई हवी. ठसा आधी की रंग आधी, या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. परंतु माझा कल रंगाचा पातळ थर आधी, तो पूर्ण सुकल्यावर ठसा, आणि त्यानंतर फक्त एखाद्या ठिकाणी पुन्हा रंग, या क्रमाकडे आहे, कारण त्यामुळे ठसा चित्राच्या मधोमध अडकतो आणि वरून चिकटविलेल्या तिकिटासारखा दिसत नाही.

विषयांच्या निवडीत या शहरातील कारागिरांची मोठी सोय आहे आणि मोठी फसगतही. अजिंठा जवळ असल्यामुळे जो तो पद्मपाणी कोरावयास धावतो. अजिंठ्याची रेषा ही कुंचल्याची रेषा आहे, ती श्वासासारखी फुगते आणि ओसरते. पाते तिला सर्वत्र सारख्याच धारेने कापते, आणि त्या अर्धोन्मीलित नेत्रांच्या जागी दोन चिरा तेवढ्या उरतात. अजिंठ्याचे छत मात्र ठशाला वश होते. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावरील कमळे, हंस, फळे ही मुळातच चौकटी-चौकटींतून बसविलेली आहेत, त्यामुळे त्यांचे एकेक घर सुटे काढता येते. हिमरूची गोष्ट निराळी. ती विणीची कला असल्यामुळे तिच्यातील कोयऱ्या आणि पाने जवळून पाहिली तर पायऱ्या-पायऱ्यांची असतात. ठसा कोरताना त्या पायऱ्या घासून गोल केल्या तर हिमरू जाते आणि कोणत्याही बाजारातली कोयरी उरते, राखल्या तर कोरणी दुप्पट वाढते. मी राखण्याच्या पक्षाचा आहे. वेरूळच्या कैलासाविषयी एवढेच म्हणेन की ज्या शिल्पाचा प्राण छायेत आहे त्याला एकरंगी ठशात उतरविण्याचा आग्रह धरू नये.

राजमुद्रेविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. लग्नपत्रिकांवर, लिफाफ्यांवर, चहाच्या पेल्यांवर शिवछत्रपतींच्या मुद्रेचा ठसा उमटविण्याची जी टूम निघाली आहे ती मला पसंत नाही. जी मुद्रा हुकमाची जबाबदारी म्हणून उमटत होती ती वेलबुट्टीच्या कामी लावणे हे प्रेमाच्या पोटी घडत असले तरी औचित्याला सोडून आहे. भारताच्या राजचिन्हाचा अनुचित वापर तर २००५ च्या अधिनियमानेच निषिद्ध आहे, हे श्विटर्सची वाट चोखाळू पाहणाऱ्या तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावे.

शाळांतून ‘ठसेकाम’ नावाचा तास असतो आणि भेंडी, कांदा, बटाटा, पान यांच्या छापांनी मुलांच्या वह्या भरतात. भेंडीचा पंचकोन हा निसर्गाने फुकट दिलेला उत्तम ठसा आहे, यात शंका नाही. पण पुढच्या इयत्तेत हे काम थांबते आणि खोडरबर वा लिनोपर्यंत क्वचितच कोणी पोचते. मग वीस वर्षांनी तीच मुले मोठी होऊन औरंगपुऱ्यातील दुकानांतून पारदर्शक प्लास्टिकचे तयार ठसे घेतात, ज्यांवरील गुलाब आणि फुलपाखरे कोणत्याही देशाची असू शकतात. तयार ठशांना माझा सरसकट विरोध नाही; घाईच्या कामाला ते उपयोगी पडतात आणि त्यांतून पाहता येत असल्यामुळे नेमक्या जागी बसतात. तक्रार एवढीच की ज्याने ठसा कोरलेला नाही तो त्याला कापीत नाही, उलटा फिरवीत नाही, अर्धाच शाईने माखीत नाही. विकत घेतलेल्या वस्तूचा धाक त्याच्या हाताला असतो. कचेऱ्यांसमोर बसणारे शिक्केवाले पूर्वी खिळे जुळवून, साचा काढून, त्यात कच्चे रबर तापवून दाबीत. त्यांचे काम आता लेसर यंत्राच्या किरणाने होते, आणि चित्रकाराने रेखाटन नेऊन दिले तर लाकडी फळीवर वा रबरावर ते तासाभरात कोरून मिळते. त्यालाही हस्तनिर्मित म्हणावयाचे का, या वादात मी पडत नाही. किरणाने कोरलेल्या ठशाचा तळ सर्वत्र सपाट असतो, त्यामुळे हातकोरणीच्या छापेत मैदानांवर ज्या पात्याच्या चुकार रेघा उमटतात आणि चित्राला जिवंतपणा देतात त्या तेथे नसतात. एवढा भेद डोळ्यांना दिसतो आणि तेवढा पुरेसा आहे.

राहता राहिला टिकाऊपणा. वह्या आणि भेटपत्रे लोक जपून ठेवतात, म्हणून हा प्रश्न गौण नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची स्वस्त शाई प्रकाशात फिकी पडते, काजळाची शतके टिकते. वर्तमानपत्राचे तुकडे चिकटकामात वापरले तर ते स्वतः पिवळे पडतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात. चिंध्यांचा कागद त्या मानाने फार दीर्घायुषी आहे, आणि कागजीपुऱ्यात आजही, अगदी थोड्या हातांनी का होईना, हातकागद निघतो. अडचण अशी की पर्यटकांना व पत्रिकावाल्यांना हवा असतो तो पाकळ्या, गवताच्या काड्या आणि चमकते धागे लगद्यात मिसळलेला शोभिवंत ताव, आणि ठशाच्या दृष्टीने त्याइतका प्रतिकूल कागद दुसरा नाही. काडी उंच राहते, तिच्याभोवती शाईविना एक पांढरी कड सुटते, आणि पाकळी ओलाव्याने आपला तपकिरी रंग सोडते. ठसेकाराला हवा तो बिनफुलांचा, चिंध्यांचा, भरपूर खळ दिलेला आणि निदान एका बाजूने घोटलेला ताव. तो कागज्याने आपण होऊन करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण घोटणी हे या धंद्यातील वेळखाऊ काम असून त्याचे दाम कोणी वेगळे देत नाही. शहरातील चित्रकला महाविद्यालय, छंदवर्ग चालविणारी मंडळी आणि हाताने पत्रिका करणारे कारागीर यांनी मिळून वर्षभराच्या तावांची मागणी आगाऊ नोंदविली, तावाचे वजन, खळीचे प्रमाण आणि घोटणीची बाजू लेखी ठरवून दिली आणि घोटणीचा मेहनताना तावाच्या किमतीत निराळा धरला, तर हे काम पुन्हा सुरू होऊ शकते. आणि पहिली खेप नमुन्यादाखल म्हणून थोड्याच तावांची, पण दोन-तीन निरनिराळ्या खळींची घ्यावी, म्हणजे कोणत्या शाईला कोणता ताव मानवतो याचा निकाल प्रत्यक्ष ठसे उमटवूनच लावता येईल.